यान हुसला वर्गात परत घ्या : इतिहास अभ्यास मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
इतिहास अभ्यास मंडळ यांस,

स.न.वि.वि.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा सुधारित अभ्यासक्रम गेल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाइलवर पाठवला. तो आता स्वतः प्राध्यापक आहे. ‘मध्ययुगीन युरोप’ या पेपरचा चौथा घटक मी तीनदा वाचला. ‘हुसाइट चळवळ’ हा उपघटक, म्हणजे बोहेमियातला (आजच्या चेक देशातला) धर्मसुधारक यान हुस याच्या अनुयायांची चळवळ, तिथे नाही. पुढे धर्मसुधारणेच्या घटकात मार्टिन ल्यूथरच्या आधी एक ओळ आहे : ‘पूर्वसूरी – विक्लिफ, हस.’ (हस म्हणजे हाच हुस.) आठ तासिकांचा विषय होता, त्यातलं एवढंच उरलं.

एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात मी सव्वीस वर्षं हा पेपर शिकवला. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यामुळे आता या विषयात बोलण्याचा मला कागदोपत्री अधिकार नाही, हे मला ठाऊक आहे. आधी रीतसर दोन पत्रं पाठवली होती, त्यांची पोचही आली नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. ज्यांची मुलं हा विषय शिकतात त्यांनीही ते वाचावं.

बैठकीत ‘सहाशे वर्षांपूर्वीच्या बोहेमियातल्या चर्चच्या भांडणाशी आपल्या मुलांना काय देणंघेणं’ असा मुद्दा निघाला, असं कानावर आलं. त्यावर वर्गातला एक प्रसंग सांगते.

त्या काळच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीत भाकर सगळ्या भाविकांना मिळे, द्राक्षरसाचा पेला मात्र फक्त धर्मगुरू पीत. १४१४ साली हुस कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेला निघून गेल्यावर इकडे प्रागमध्ये याकोबेक नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने तो पेला सामान्य माणसांच्या ओठाला लावायला सुरुवात केली. चांभार, मोलकरणी, पुढे तान्ह्या मुलांच्यासुद्धा. हे मी सांगत होते आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी पटकन म्हणाली, “मॅडम, म्हणजे हा पंक्तिभेदच की!” मी खडू खाली ठेवला. ‘उभयप्रकारी प्रभुभोजन’ हा जड शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होते आणि मुलांच्या डोळ्यांत काही उमटत नव्हतं. त्या मुलीने एका शब्दात विषय उघडला. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी मी तोच शब्द वापरला. आणि मग पेला निशाणावर का आला, ढालींवर का रंगवला गेला, हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. प्रागच्या ‘टीन’ नावाच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर बसवलेला सोन्याचा पेला बोहेमियातल्या प्रॉटेस्टंटांच्या १६२०च्या पराभवानंतर उतरवून वितळवला गेला आणि त्याच सोन्यातून मेरीच्या मूर्तीमागचं तेजोवलय घडवलं गेलं, हे सांगितलं की वर्ग गप्प होई.

ज्या मुलांच्या आजोबांनी वेगळ्या पंगतीत जेवल्याच्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांना या विषयाशी देणंघेणं नाही, असं कोणी कसं म्हणू शकतं?

आता तक्रारी मांडते.

सगळ्यात मोठी तक्रार ‘पूर्वसूरी’ या शब्दाबद्दल आहे. कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने पाखंडी ठरवल्यावर हुसला ६ जुलै १४१५ रोजी जिवंत जाळलं. ल्यूथरचा जन्म १४८३चा. मधल्या अडुसष्ट वर्षांत बोहेमियात काय झालं, ते पाहा. हुसच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांत बोहेमिया-मोराव्हियाच्या ४५२ सरदार-उमरावांनी आपापली मोहोर लावून धर्मपरिषदेला निषेधाचं पत्र पाठवलं : तुम्ही एका निर्दोष माणसाला मारलंत. परिषदेने त्या सगळ्यांना उलट आरोपी म्हणून बोलावणं धाडलं. त्या पत्राच्या प्रतींपैकी एक आजही एडिंबरा विद्यापीठात आहे, खाली ओळीने लटकणाऱ्या मेणाच्या मोहरांसकट. मी तिचं फक्त छायाचित्र पाहिलं आहे, पण दरवर्षी ते वर्गात फिरवत असे. सत्तेला जाहीर पत्र लिहिण्याचं धैर्य म्हणजे काय, ते मुलं त्या मोहरा बोटाने मोजताना शिकत.

१४२०मध्ये प्रागच्या चार मागण्या तयार झाल्या : धर्मवचनाचा प्रचार कोणालाही मोकळेपणाने करता यावा, पेला सर्वांना मिळावा, धर्मगुरूंकडे जमीनजुमला आणि ऐहिक सत्ता नसावी, आणि उघड घडलेल्या पापाला, करणारा कितीही मोठा असो, शिक्षा व्हावी. या मागण्या चिरडण्यासाठी १४२० ते १४३१ या काळात या एका छोट्या देशावर पाच धर्मयुद्धं पुकारली गेली. पाचही फसली. शेवटच्या वेळी दोमाझ्लित्सेजवळ हुसाइटांच्या गाड्यांचा खडखडाट आणि गाणं कानावर येताच धर्मयोद्धे पळत सुटले. ज्यांना पाखंडी म्हणून जाळायचं, त्यांच्याच प्रतिनिधींना शेवटी १४३३मध्ये बाझेलच्या धर्मपरिषदेत समोर बसवून चर्चेला घ्यावं लागलं. १४३६मध्ये करार झाला. १४८५मध्ये कुत्ना होरा इथे कॅथलिक आणि पेलावाले यांना कायद्याने बरोबरीचं स्थान मिळालं, आणि आपला पंथ निवडण्याची मुभा जहागीरदाराच्या कुळांनाही मिळाली. ल्यूथर तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता.

एवढं सगळं घडून गेलेल्या समाजाला ‘पूर्वसूरी’ म्हणून ल्यूथरच्या दारात उभं करणं, हा त्या माणसांवर अन्याय आहे. ‘नकळत आपण सगळे हुसाइटच होतो,’ असं १५२०मध्ये ल्यूथरने स्वतः लिहिलं. ऋण त्याने मान्य केलं. आपण ते अभ्यासक्रमातून का पुसावं?

दुसरी तक्रार भाषेची, आणि ती मराठीच्या माणसांनी तरी मनावर घ्यावी. प्रागमधलं बेथलेहेम चॅपल १३९१मध्ये उभं राहिलं तेच मुळी चेक भाषेत प्रवचन व्हावं म्हणून. सुमारे ३,००० माणसं मावतील एवढं. हुस तिथे १४०२पासून बोलू लागला. विद्यापीठात लॅटिनमध्ये वाद घालणारा हा पंडित तिथे बाजारहाट करून आलेल्या बायकांना कळेल असं बोलायचा, आणि त्या बायका ऐकायला रोज यायच्या. चॅपलच्या भिंतींवर मजकूर लिहिलेला असे. ज्याला वाचता येतं त्याने येता-जाता वाचावा.

लिपीबद्दलही त्याच काळात एक लहान पुस्तिका लिहिली गेली. ती हुसची मानली जाते. लॅटिन लिपीत चेक उच्चार मावत नव्हते, एका ध्वनीसाठी दोन-दोन, तीन-तीन अक्षरं जोडावी लागत. पुस्तिकेने सुचवलं : अक्षरावर एक टिंब द्या. मुलांना मी याचं उदाहरण मराठीतून देत असे. आपण ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ दोन्ही एकाच च ने लिहितो, पण उच्चार वेगळे करतो. चेकमध्ये अक्षर मोकळं सोडलं की चांदण्यातला च, वर खूण आली की चंद्रातला. त्या टिंबाचा आज छोटासा कोन झाला आहे. चेक लोक ते रोज लिहितात आणि युरोपातल्या इतर कितीतरी भाषांनी ते उचललं. कोकणातून आलेला, एरवी इतिहासाचा कंटाळा करणारा एक मुलगा त्या दिवशी तास संपल्यावर मागे थांबून चेक मुळाक्षरं उतरवून घेत बसला होता. भाषाशास्त्राच्या वर्गात हे शिकवत नाहीत. इतिहासातून काढलंत तर ते कुठेच उरणार नाही.

तिसरी तक्रार चुकांची. नव्या अभ्यासक्रमासोबत महाविद्यालयांना ज्या मुद्रित नोट्स वाटल्या गेल्या, त्यांच्या एका पानावर मला दोन ढोबळ चुका सापडल्या. हुसला ‘जर्मन सुधारक’ म्हटलं आहे. तो चेक होता, प्रागच्या विद्यापीठाचा कुलगुरू होता, आणि १४०९च्या ज्या राजाज्ञेने त्या विद्यापीठात चेक लोकांची मतं तीन आणि बाकी सगळ्यांचं मिळून एक झालं, तिच्यामागच्या प्रमुख माणसांपैकी एक होता. त्यावर रागावून जर्मन प्राध्यापक आणि विद्यार्थी निघून गेले आणि त्यांच्यामुळे लाइपझिगचं विद्यापीठ उभं राहिलं. त्यालाच जर्मन म्हणायचं? दुसरी चूक तर वाचवत नाही : ‘हसवर ल्यूथरच्या विचारांचा प्रभाव होता.’ अडुसष्ट वर्षांनी जन्मणाऱ्या माणसाचा! मुलं परीक्षेत हेच लिहितील, आणि तपासणारे त्यावर गुण देतील.

जाता जाता नावांबद्दल. मराठीत आपण ‘जॉन हस’ लिहितो ते इंग्रजी पुस्तकांतून उचललं. त्याचं नाव यान हुस. हुस म्हणजे चेकमध्ये हंस-बदकाच्या जातीचा पक्षी. तो स्वतःच्या नावावर पत्रांतून कोट्या करायचा.

चौथी तक्रार करताना मला आपल्या सगळ्यांच्याच, माझ्यासकट, जुन्या शिकवण्याबद्दल बोलावं लागेल. आम्ही हुस शिकवला, झिश्का शिकवला, आणि दोघांचे पुतळे केले. यान झिश्का हा विलक्षण सेनापती होता. एक डोळा आधीच गेलेला, दुसरा १४२१मध्ये वेढ्यात गेला, आणि त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे १४२४पर्यंत, पूर्ण आंधळेपणी त्याने लढाया जिंकल्या. शेतकऱ्यांच्या बैलगाड्या-घोडागाड्या साखळ्यांनी बांधून त्यांचा फिरता कोट केला, धान्य झोडपायच्या अवजारांना खिळे ठोकून शस्त्रं केली. गाड्यांमधून डागायच्या आखूड तोफेला ते हौफ्नित्से म्हणत, ‘हौफ’ म्हणजे जमाव, जमावावर डागायची ती. आज आपल्या वर्तमानपत्रांत बोफोर्सच्या बातमीत येतो तो होवित्झर शब्द तिथून आलेला आहे. मुलांना हे फार आवडतं.

पण त्याच १४२१मध्ये झिश्काच्या फौजेने खोमुतोव शहर घेतल्यावर तिथल्या लोकांची कत्तल केली. ताबोर या जहाल हुसाइटांच्या गावातून बाहेर काढलेल्या, अधिक टोकाच्या मतांच्या स्वतःच्याच माणसांना त्याने जाळलं. ज्यांच्या गुरूला पाखंडी म्हणून जाळलं, त्यांनी सहा वर्षांत दुसऱ्यांना पाखंडी म्हणून जाळलं. आणि १४३४मध्ये लिपानीच्या रणांगणावर मवाळ हुसाइटांनी कॅथलिकांशी हातमिळवणी करून ताबोरच्या जहालांना संपवलं. मी पहिली दहा वर्षं हे घाईघाईने उरकत असे. मग एका मुलाने विचारलं, “मॅडम, यांच्यातलं कोणीच थांबा म्हणालं नाही का?” त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला पेत्र खेल्चित्स्की भेटला. दक्षिण बोहेमियातला, खेड्यात राहून लिहिणारा. हुसचा चाहता असूनही ‘धर्मासाठीसुद्धा तलवार उचलू नका’ म्हणणारा. सरदार, धर्मगुरू आणि कष्टकरी अशी समाजाची तीन अंगं देवानेच नेमली, हा सिद्धान्तही त्याने धुडकावला. त्याच्या विचारांतून १४५७मध्ये कुन्वाल्ड नावाच्या गावी ‘बंधूंची एकता’ नावाचा छोटा, शस्त्र न धरणारा पंथ सुरू झाला.

आणि इथे हा विषय आपल्या घरात येतो. बी.एड.ला प्रत्येकजण कोमेनियस शिकतो : आधुनिक शिक्षणशास्त्राचा जनक, मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढणारा. तो याच पंथाचा बिशप होता. बोहेमियातून परागंदा झाला आणि उरलेलं आयुष्य त्याने परमुलखात काढलं. सगळ्या मुलांना, मुलींनासुद्धा, आधी मातृभाषेत शिकवा हा त्याचा आग्रह बेथलेहेम चॅपलच्या भिंतींपर्यंत मागे नेता येतो. पुढे अठराव्या शतकात जर्मनीत या पंथाचं पुनरुज्जीवन झालं. तेच मोरेव्हियन. लेहला फिरायला गेलेल्या कितीतरी मराठी माणसांनी तिथलं मोरेव्हियन चर्च आणि शाळा पाहिली असेल. लडाखच्या इतिहासाचं पायाभूत काम करणारे ए. एच. फ्रांके हे त्यांचेच मिशनरी. लडाखचा इतिहास तुम्ही तिसऱ्या वर्षाला ठेवला आहे, फ्रांकेंचं नावही संदर्भयादीत आहे. ते कुठून आले हे सांगणारा धागा मात्र दुसऱ्या वर्षातून तोडला.

बायकांचं काय, असंही मुली विचारत. ताबोरमध्ये त्या प्रवचन ऐकत, वाद घालत, लढाईत खंदक खणत आणि मरत. पुढे पोप झालेला एनेआ सिल्विओ हुसाइटांचा कडवा विरोधक होता. त्यानेही लिहून ठेवलं आहे की ताबोरच्या साध्या बाईला बायबल जेवढं ठाऊक असतं, त्याने इटलीच्या धर्मगुरूंनी लाजावं. शत्रूची साक्ष म्हणजे काय, हे ऐतिहासिक पुराव्याच्या धड्यात शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

शेवटच्या तासिकेला मी काही शिकवत नसे, फक्त वाचत असे. परिषदेत हजर असलेला म्लादोन्योवित्सेचा पेत्र याने हुसच्या शेवटच्या दिवसाचा वृत्तान्त लिहिला, त्याचं इंग्रजीवरून केलेलं माझं भाषांतर. सम्राट होणार असलेल्या सिगिस्मुंडने अभयपत्र दिलेलं होतं. हुस ३ नोव्हेंबर १४१४ला कॉन्स्टन्सला पोचला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला पकडला गेला. सात महिन्यांनी कॅथीड्रलमध्ये उभं करून त्याची धर्मगुरूची वस्त्रं एकेक उतरवली. हातातला पेला काढून घेतला. मग डोक्यावरची तासलेली खूण पुसायची होती, तर वस्तऱ्याने पुसायची की कात्रीने, यावर बिशपांचा आपसांत वाद लागला. हुस राजाकडे वळून म्हणाला, पाहा, माझी विटंबना कशी करायची यावरही यांचं एकमत होत नाही. त्याच्या डोक्यावर कागदाची उंच टोपी घातली. तिच्यावर तीन सैतान रंगवलेले होते. वाटेत चर्चच्या आवारात त्याचीच पुस्तकं जळताना दिसली, तेव्हा तो हसला. गळ्याभोवती काजळी धरलेली साखळी होती. हनुवटीपर्यंत लाकडं आणि पेंढा रचला. शेवटची संधी म्हणून सरदाराने विचारलं, मागे घेतोस का? तो नाही म्हणाला आणि गाऊ लागला. नंतर लोकांनी आठवण म्हणून काही नेऊ नये, यासाठी त्याचे कपडेसुद्धा जाळले आणि राख ऱ्हाइन नदीत टाकली.

हे वाचून झालं की मी काही बोलत नसे. मुलंही उठायची नाहीत. घंटा होऊन गेलेली असायची.

माझ्या मागण्या अशा आहेत.

‘हुसाइट चळवळ’ हा उपघटक स्वतःच्या नावाने, धर्मसुधारणेच्या बाहेर, किमान आठ तासिकांसाठी जूनच्या सत्रापूर्वी परत घ्यावा. त्यात कुत्ना होराचा १४८५चा करार आणि खेल्चित्स्की असावेत, आणि खोमुतोव व लिपानीही असावेत.

चुकीच्या नोट्स मागे घ्याव्यात. त्यांचं शुद्धिपत्रक सर्व महाविद्यालयांना लेखी पाठवावं, आणि परीक्षा तपासणाऱ्यांनाही.

उपघटक का वगळला, कोणाच्या सूचनेवरून वगळला, हे बैठकीचं इतिवृत्त जाहीर करून सांगावं. जागा कमी पडत होती असं कारण असेल तर ते मला समजेल, तेही मी स्वीकारीन, पण ते तुमच्या सहीने लिहिलेलं असू द्या.

आणि मूळ साधनांचं एक छोटं मराठी वाचनपुस्तक करावं : म्लादोन्योवित्सेचा वृत्तान्त, तुरुंगातली हुसची काही पत्रं, चार मागण्या, सरदारांचं निषेधपत्र. शंभर पानं पुरतील. चेक जाणणाऱ्या कोणाकडून तपासून घ्यावं, मला चेक येत नाही.

वृत्तान्ताचं आणि सात पत्रांचं माझं भाषांतर एका दोनशेपानी वहीत आहे. कोपरे दुमडलेत, दोन पानांवर चहाचा डाग आहे, पण अक्षर स्वच्छ आहे. मानधन नको, नावही नको. कुठल्या पत्त्यावर पाठवू तेवढं कळवा, दुसऱ्या दिवशी कुरिअर करते.

आपली नम्र,
इतिहासाची एक निवृत्त प्राध्यापिका